धन्यवाद, आपली नोंद झालेली नाही

परवा मार्केट यार्डातनं फोन आला, "वेबसाईट नावं घेईना झालीय, या की जरा." सांगलीत हळदीची अडत, शेतकऱ्यांनी मोबाईलवरनंच नाव, गाव, नंबर आणि किती पोती आणणार ते भरायचं, असा एक फॉर्म शेठनी कुणाकडनं तरी करून घेतलेला. तो कुणीतरी आता पुण्यात असतो आणि फोन उचलत नाही. हे असले कुणीतरी सगळे पुण्यातच कसे जातात देव जाणे, आणि निस्तरायला आम्ही इथं.

तर शेतकरी फॉर्म भरतोय, बटण दाबतोय, हिरव्या अक्षरात 'धन्यवाद! आपली नोंद झाली आहे' असं येतंय, आणि डेटाबेसमध्ये बघावं तर एकच ओळ. आष्ट्याच्या एका शेतकऱ्याची. त्याच्यानंतर जिल्ह्यात कुणी हळद लावलीच नाही.

मी गादीच्या कडेला लॅपटॉप उघडून बसलो आणि तिथंच चूक झा... नाही, चूक कसली, दुसरी जागाच नव्हती. शेजारी दिवाणजी. म्हणजे रिटायर झालेले, पण रोज दहाला येऊन बसतात, शेठ पण त्यांना आण्णा म्हणतात. समोर लाल कापडाची खातेवही, खिशाला दोन पेनं.

"काय झालंय म्हंजे नेमकं?"

"आण्णा, इन्सर्ट क्वेरी फेल होतीय. नोंद टेबलात जात नाहीये."

"मग ते धन्यवाद कोण म्हणतंय?"

आता ह्याला काय उत्तर आहे सांगा. कोडमध्ये क्वेरी, म्हणजे डेटाबेसला नोंद घालायचा हुकूम, चालवली आहे, ती फेल झाली तर नुसतं 'फॉल्स', म्हणजे 'नाही झालं', एवढंच परत देते, ते फॉल्स कुणी हातात घेऊन बघितलंच नाही, खालच्या ओळीत सरळ धन्यवाद. वर आणि जागोजागी ॲटचं चिन्ह लावून ठेवलंय, म्हणजे काही वॉर्निंग आलीच तर तोंड दाबलेलं. सर्व्हर पीएचपी ७.४ वर, म्हणजे फॉर्म ज्या भाषेत लिहिलाय तिच्या जुन्या आवृत्तीवर. २०२१ मध्ये आलेल्या ८.१ पासनं मायएसक्यूएलआय, म्हणजे पीएचपीला मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारं साधन, आपणहून एक्सेप्शन टाकतं, बोंबलतं तरी. इथं सगळं शांत.

हे मी आण्णांना जमेल तसं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"माझ्या वहीनं मला कधी धन्यवाद म्हटलं न्हाई. पण लिवलेलं ऱ्हातंय."

पाणी भरायला आलेला पोरगा हसला, तोलारही हसला. मग आण्णांना चेव आला. हरिपूरची पेवं निघाली. जमिनीखाली हळद भरून तोंड लिंपायचं, वर्षानुवर्षं किडायची नाही, २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं कामातनं गेली, पण गेली ते डोळ्यानं दिसलं तरी, पेवानं खोटं सांगितलं नाही, वगैरे. ऐकायला बरं वाटतं, पण डोकं कोडात असताना कानात पूर सोडू नये माणसानं.

मी ॲट काढले, क्वेरीच्या खाली एरर छापायला लावला, टेस्ट म्हणून 'राजापुरी' नावाचा शेतकरी भरला. आणि आला की लाल अक्षरात. डुप्लिकेट एंट्री २१४७४८३६४७, मोबाईल ह्या की साठी.

आण्णा चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनवर वाकले.

"ह्यो नंबर कुणाचा?"

"कुणाचाच नाही आण्णा. मोबाईलचा कॉलम इंट, म्हणजे पूर्णांकाचा, केलाय, त्यात ह्याच्यापेक्षा मोठा आकडा मावत नाही. आपले मोबाईल सहा ते नऊनं सुरू होतात, सगळेच मोठे. न मावणारं अडवणारा स्ट्रिक्ट मोड बंद करून ठेवलाय म्हणून ते गपचूप कापून प्रत्येकाला हाच नंबर देतंय. पहिला बसला. दुसऱ्याला म्हणतंय हा नंबर आधीच आहे, तू चालता हो."

"म्हंजे आष्टेकरानं सगळ्यांचा नंबर घेतला."

"घेतला नाही हो—"

"त्यो मुळातच तसला हाय. काट्यावर पोतं टाकताना पाय लावतंय ते."

आणि मी बघतोय तोवर ह्या माणसानं आपला बटणाचा मोबाईल काढला, स्क्रीनवरचा नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचत दाबला आणि लावला. सगळा गाळा गप्प. पलीकडनं बाईनं सांगितलं, आपण डायल केलेला नंबर तपासून पहा. आण्णांनी फोन माझ्यासमोर धरला. "तपास."

त्यानंतर त्यांनी वहीच्या मागच्या पानावरनं आष्टेकराचा खरा नंबर काढून त्याला झापला. काय म्हणून झापला हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नसणार. पण एक मानावं लागेल, मी म्हटलं मोबाईल नंबर हा आकडा नसतोच, त्याला अक्षरासारखा व्हारकॅरमध्ये ठेवायचा, तेव्हा आण्णा पटकन म्हणाले, "बरोबर हाय की, खातेपानाच्या नंबराची कोण बेरीज करतंय?" हे पुण्यातल्याला सुचलं असतं तर माझा दिवस वाचला असता.

कॉलम बदलला, स्ट्रिक्ट मोड चालू केला, लाईट गेली, बसून राहिलो, लाईट आली. राजापुरी बसला टेबलात. लगेच शेठच्या पुतण्यानं मोबाईलवरनं आपलं नाव भरलं आणि पुढं नमस्काराचे हात टाकले. परत एरर. आता टेबल अक्षरं साठवायच्या जुन्या यूटीएफ-८ पद्धतीवर, त्यात एका अक्षराला तीनच बाईट. देवनागरीचं अक्षर तीनात बसतं, इमोजीला चार लागतात. चार बाईटवालं यूटीएफ-८ एमबी-४ मायएसक्यूएलमध्ये २०१० पासनं आहे, पण कुणीतरीला कुठं वेळ. तेही केलं.

पण आधी भरलेली नावं गेली ती गेलीच. कुठं लॉग नाही, काही नाही. त्या लोकांना आता पुन्हा भरायला सांगायचं, आणि ते म्हणणार आम्हाला धन्यवाद आलंय. आणि हे ऐकून घ्यायचं कुणी? फोन नंबर माझा दिलाय शेठनी. ज्यानं केलं त्याला पूर्ण पैसे मिळाले, फेटा बांधून सत्कार केला होता म्हणे उद्घाटनाला. मी पंधराशे सांगितले तर शेठ म्हणाले, "एक शब्द तर बदललास, इंटचा व्हारकॅर." डॉक्टर पण एकच गोळी लिहून देतो, त्याला म्हणता का असं? नाही म्हणत. तिथं आधी टोकन घेऊन दोन तास बसता.

शेवटी आण्णांकडं बोट दाखवलं, ते देतील. आण्णांनी वही उघडली, किरकोळ खर्चाचं पान काढलं. वर चहा, खाली उदबत्ती, त्याच्या खाली 'कॉम्पुटर दुरुस्ती' आणि पुढं तेराशे.

"आण्णा, पंधराशे ठरलेत."

"लाईट गेलती तवा तू बसूनच हुतास की."