न पडणारा एमसीबी कसा निवडावा

ऑफिससाठी एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप खाली पडून लाइन तोडणारा खटका, निवडताना कसोटी एकच लावायची: तो पडता कामा नये. तार किती जाडीची, लोड किती, शॉर्ट झाला तर करंट किती येईल, या चौकशा हौशी लोकांनी कराव्यात. तुम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर ऑफिस थाटलेली कामाची माणसं. तुमच्याकडे रिटर्न भरायची तारीख आहे, वायरिंग बघत बसायला वेळ कुठला?

खरं तर बडोद्यात या विषयावर सल्ला मागायला लांब जावं लागत नाही. मकरपुऱ्याला १९७४ पासून ‘एर्डा’ ही विजेच्या सामानाची चाचणी करणारी संस्था आहे. तिथे स्विचगिअरवर, म्हणजे लाइन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या सामानावर, मुद्दाम शॉर्ट सर्किट करून ते टिकतं की फुटतं हे बघतात. रेसकोर्सला विद्युत भवन आहे, सरकारी वीज कंपन्यांचा कारभार तिथून चालतो. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यातून रिटायर झालेले एखादे काका आपल्या लोकांच्या कुठल्याही लग्नात जेवणाच्या पंगतीला शेजारी बसतातच. त्यांना मात्र चुकूनही विचारू नका. ते पहिला प्रश्न तारेचा करतात आणि मठ्ठा येईपर्यंत अर्थिंगवर पोचतात.

त्यापेक्षा रूढ पद्धत बरी. समजा सॉकेटच्या एका लाइनवर १६ अँपिअरचा एमसीबी आहे आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. वायरिंग झालं तेव्हा तिच्यावर दोन कॉम्प्युटर होते. पुढे चार झाले, लेझर प्रिंटर आला, चहाची केटल आली, आणि एप्रिलमध्ये साहेबांच्या पाहुण्यांसाठी एक टॉवर एसी आला. आता रोज साडेअकराला खटका पडतो. वायरमनला बोलवा. तो डीबीचं, म्हणजे सगळे खटके बसवलेल्या डब्याचं, झाकण उघडतो, तारेला हात लावत नाही, आणि विचारतो, “साहेब, बत्रीसनो नाखी दउं? पछी कदी नहि पडे.” म्हणजे, बत्तीसचा टाकून देऊ? मग कधी पडणार नाही. तुम्ही म्हणा, नाख. पंधरा मिनिटांत काम होतं आणि त्यानंतर तो एमसीबी खरोखरच पडत नाही. किटकॅट फ्यूजच्या काळी हेच काम तार दुपदरी, तिपदरी पिळून व्हायचं. तेव्हा निदान पाप उघड्यावर दिसायचं. आता त्यावर आयएसआयचा शिक्का असतो.

काकांचं म्हणणं असं, की एमसीबी कॉम्प्युटर वाचवायला नसतोच, तो तार वाचवायला असतो. पाइपातल्या २.५च्या तारेला वीस-एक अँपिअर झेपतात. एकाच पाइपात आणखी चार जणी कोंबल्या असतील तर त्याहून कमी. आणि नियमाप्रमाणे एमसीबीने आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर तरी न पडता वाहू द्यायचा असतो आणि १.४५ पट आला तर तासाभराच्या आत पडायचं असतं. म्हणजे ३२चा खटका ३६ अँपिअरला हलणारच नाही आणि ४६ला पडायचं की नाही यावर तासभर विचार करेल. त्या तासाभरात तार काय करत असते हे कळायला मार्ग नाही, कारण ती भिंतीत आहे. न दिसणाऱ्या गोष्टीचा खर्च मंजूर होत नाही, तेव्हा हा मुद्दा निकालात.

मे महिन्यात अजून एक तक्रार येते: लोड तेवढाच, पण एमसीबी दुपारीच पडतो. यावर “माल डुप्लिकेट आहे” असं ठामपणे म्हणावं. एमसीबीचं मोजमाप ३० अंश तापमानाला धरलेलं असतं; बाहेर बेचाळीस, आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद डब्यात, दोन फायलींच्या कपाटांमागे, एकमेकांना चिकटून बसलेले दहा एमसीबी. तापली की वाकून खटका पाडणारी आतली पट्टी आधीच तापलेली, ती लवकर वाकणारच. पण कपाट हलवायचं तर त्यावरचा लक्ष्मीचा फोटोही हलवावा लागेल. आकडा वाढवणं सोपं.

एमसीबीवर आकड्याआधी असलेल्या अक्षरांचंही कुणीतरी विचारेल. बी, सी आणि डी. शॉर्ट झाल्यावर ताबडतोब तुटायला बीला आपल्या आकड्याच्या तीन ते पाच पट करंट लागतो, सीला पाच ते दहा, डीला दहा ते वीस. लाइट येते तेव्हा सगळे कॉम्प्युटर एकदम करंट ओढतात, त्यात बी कधी कधी उगाच पडतो, म्हणून ऑफिसच्या सॉकेटला साधारणपणे सी घालतात. एवढ्यावर थांबतो तो शिकाऊ. वेल्डिंग, मोठ्या मोटारी, ट्रान्सफॉर्मर यांच्यासाठीचा डी बाजारात मिळत असताना ऑफिसने सीवर का भागवावं? डी ३२ नक्की ताबडतोब तुटायला ६४० अँपिअर लागतात. जुन्या वाड्यात मीटरपासून वळसे घेत आलेल्या लाइनच्या टोकाला शॉर्ट झाला तर जेमतेम तीनशे मिळतील. सी १६ला एवढे दीडपटीहून जास्त झाले, तो डोळ्याचं पातं लवायच्या आत तुटला असता. डी काही सेकंद शांतपणे बघत राहतो. बडोद्याच्या स्वभावाला हा संयम साजेसाच आहे.

एमसीबीवर चौकटीत ६००० लिहिलेलं असतं, ती किंमत नव्हे, शॉर्टचे किती अँपिअर तो तोडू शकतो तो आकडा. घासाघीस त्यावरून सुरू करू नये.

आता आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लाइन तोडून माणसाला शॉकपासून वाचवणारा खटका. यासारखा नाठाळ प्राणी डीबीत दुसरा नाही. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला नाही, तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, की हा सगळ्या ऑफिसची लाइट घालवतो. आणि नियमाने त्याला पंधराच्या वर केव्हाही पडायची मुभा आहे. प्रत्येक कॉम्प्युटर थोडा थोडा करंट अर्थमध्ये सोडतच असतो. वीस कॉम्प्युटर एकाच आरसीसीबीवर घेतले की दोष कुठेच नाही आणि खटका खाली. काका म्हणतील, लाइनी तीन-चार भागांत वाटा, प्रत्येकीला आपला आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डब्यात) द्या, आणि कॉम्प्युटर आहेत म्हणून ‘एसी’ प्रकारचा नको, ‘ए’ प्रकारचा घ्या. यात दोष एवढाच की हे बरोबर आहे आणि याला पैसे पडतात. ३०च्या जागी ३००चा लावला की तोच डबा, तेच बटन, पडायचंही थांबतं. ३००चा आगीसाठी असतो, माणसासाठी नसतो, हे ओल्या हाताने कूलर पुसणाऱ्या प्यूनला सांगायची गरज नाही. तेवढंही नको असेल तर वायरमन वरची तार खालच्या तारेला जोडून देतो. आरसीसीबी शोभेला जागेवर राहतो. इन्शुरन्सवाल्यांच्या फोटोत छान येतो.

थ्री फेज घेतलं असेल तर न्यूट्रलवर वेगळा सिंगल पोल एमसीबी जरूर टाका. तो एकटाच पडला की निम्म्या कॉम्प्युटरना २३०च्या जागी चारशेच्या जवळपास व्होल्टेज मिळू शकतं. जुने कॉम्प्युटर बदलायची मागणी तीन वर्षं पडून असेल, तर ती त्या दुपारी मंजूर होते.

डीबीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवलेला असतो. निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: “साहेब केबिन”, “झेरॉक्स”, “पंखा नवीन”, “?”. साहेब रिटायर होऊन गेले, झेरॉक्स भंगारात गेलं, पंखा नवीन राहिला नाही. कागद मात्र बदलू नये. एखादी ट्यूब बदलायची वेळ आली की प्यूनला डीबीपाशी उभं करायचं आणि स्टुलावरून ओरडायचं. “गेली का?” “नाही.” “आता?” “नाही, पण सर्व्हर गेला!” असं करत सगळे खटके खाली आले तरी ट्यूब जळतच राहते, आणि मग कुणाला तरी आठवतं की त्या खोलीची लाइन पहिल्यापासून शेजारच्या वकिलांच्या मीटरवर आहे.