रोजची गाडी म्हणजे हळू गाडी नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रूपवर आला. त्यातला एक तर सोसायटीचा, जिथे एरवी पाण्याच्या टँकरवरच बोलणं होतं. मथळा असा: 'स्पोर्ट्स कारवाल्यांनो, टायरवाल्यांकडून लुटले जाऊ नका!' खाली मुद्दे, शेवटी जोडलेले हात. सगळ्याचं सार एवढंच की, ऑफिसला जायला-यायला स्पोर्ट्स कार वापरणाऱ्याला स्पोर्ट्स टायर लागत नाहीत. मापात बसेल तो टिकाऊ टायर घ्यावा आणि उरलेल्या पैशात मोठी रिम बसवावी.

माझं घोडं यात अडकलेलं आहे हे आधीच सांगतो. माझ्याकडे सेकंडहँड पोर्शे ७१८ केमन आहे, १८ इंची चाकांची, सर्वांत साधी. कोथरूडहून चांदणी चौक, तिथून बायपासने हिंजवडी आणि परत, आठवड्यातले पाच दिवस. स्पीडब्रेकर तिरका घ्यावा लागतो. आई बसताना दर वेळी म्हणते, "अरे, ही गाडी आहे की पाट?" आता मागचे टायर बदलायला आलेत, म्हणून हा मेसेज इतर फॉरवर्डसारखा अंगठ्याने वर सरकवता आला नाही.

पहिला मुद्दा: 'शहरात ताशी वीसच्या वर कोण जातं? मग ग्रिप कशाला?'

कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता कोणी जात नाही, मान्य. पण माझ्या वाटेतला मोठा तुकडा बायपासचा आहे आणि तिथे डावीकडून ट्रक आणि उजवीकडून बस ऐंशीने चाललेली असते. मधे एखादा दुचाकीवाला अचानक आठवण झाल्यासारखा लेन बदलतो. चाळीसच्या तुलनेत ऐंशीला गाडीत चौपट ऊर्जा असते. ती जिरवायची तर ब्रेक फक्त चाक आवळतो, बाकी सगळं रबर आणि डांबर यांच्यात ठरतं. स्पोर्ट्स टायरचं मिश्रण आणि त्याची घट्ट बाजू पहिल्यांदा उपयोगी पडते ती अशा थांबण्यात, वेगात वळण मारणं पुढची गोष्ट. त्यात केमनचं इंजिन मधे, पाठीमागच्या चाकांच्या पुढे. अशी गाडी सरळ चालली की शहाणी, पण मागचं टोक सुटलं तर ते इतक्या चटकन फिरतं की सावरायला फार कमी वेळ मिळतो. सेडानसाठी बनवलेला आरामाचा टायर इथे बसेल, पण स्टेअरिंग वळवल्यावर तो आधी विचार करेल आणि मग वळेल.

मेसेज लिहिणाऱ्याने 'रोजची' याचा अर्थ 'हळू' असा लावला आहे, आणि पुढची सगळी गडबड तिथून सुरू होते. रोजची म्हणजे मे महिन्यातलं तापलेलं डांबर, जूनच्या पहिल्या सरीत वर आलेलं तेल, जुलैतलं तुंबलेलं पाणी आणि ऑगस्टमधले खड्डे, सगळं एकाच टायरने. रविवारी सकाळी सहाला लवासाकडे चक्कर मारणाऱ्याला यातलं निम्मंही सोसावं लागत नाही.

दुसरा मुद्दा: 'एक्स्प्रेसवेला मर्यादा १००, मग ३०० किलोमीटरचं वाय रेटिंग कशाला? टी रेटिंग घ्या.'

टायरच्या बाजूवरचं हे अक्षर त्याचा कमाल वेग सांगतं: टी म्हणजे ताशी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. हे आकडे खरे आहेत, काढलेला निष्कर्ष चुकीचा. रेटिंग हा वेगाचा परवाना नसतो. टायर किती उष्णता सोसतो, फिरताना आकार किती धरून ठेवतो, याचा तो निकाल असतो. वाय मिळवायला ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला लागणाऱ्या खाचांच्या रबराखाली, जे आवरणाचे थर आणि बाजूंचा जो ताठपणा लागतो, तो साठच्या वळणावरही हाताला कळतो. शिवाय कंपनीने गाडीला दिलेल्या रेटिंगच्या खालचे टायर लावून उद्या काही झालं, तर विम्याच्या सर्व्हेअरसमोर उभं राहून 'पण मर्यादा १०० होती' हा युक्तिवाद करायची माझी तयारी नाही. रेटिंगच्या शेजारचा आकडाही वाचा. ९४ असेल तर तो टायर ६७० किलो वजन पेलतो. स्वस्तात मिळालेल्या 'मापाच्या' टायरवर कधी कधी तोच कमी असतो.

तिसऱ्या मुद्द्यात 'ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा तितका टायर भारी' असं म्हटलंय. टायर किती हळू झिजतो हे सांगणारा हा आकडा अमेरिकी पद्धतीचा. टेक्सासमधल्या ठरावीक रस्त्यांवर टायर झिजवून, १०० धरलेल्या नमुन्याशी तुलना करून, कंपनी स्वतःच तो लावते. त्यामुळे एका कंपनीच्या दोन टायरमध्ये तो थोडाफार बोलका असतो, दोन कंपन्यांत फारसा नाही. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एस वर ३०० असतं, त्यांच्याच ट्रॅककडे झुकणाऱ्या कप २ वर १८०. एवढ्यावरून दोघांचा स्वभाव कळतो. पण ५०० वाला टायर चिखलपाण्यात कसा थांबेल हे त्यातून कळत नाही. शेजारचं 'एए' किंवा 'ए' हे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारल्याचं असतं. वळणाबद्दल आणि पाण्यावर तरंगण्याबद्दल ते गप्प. त्यापेक्षा युरोपच्या लेबलावरची ओल्या रस्त्याची श्रेणी बघा, ए ते ई अशी असते. मी ए च्या खाली जात नाही.

गंमत म्हणजे याच मेसेजात दोन ओळी खाली 'ग्रिपच हवी असेल तर सरळ सेमी-स्लिक लावा' असाही सल्ला आहे. आधी ग्रिप नको, मग एवढी हवी! सेमी-स्लिक म्हणजे ट्रॅकसाठीचा, जवळजवळ सपाट टायर. तो चिकटतो तापल्यावर, आणि ऑफिसच्या वाटेवर तो क्वचितच पुरेसा तापतो. पाणी बाहेर काढायला त्याला खाचाही थोड्याच असतात. ताम्हिणीतून जुलैमध्ये सेमी-स्लिकवर येऊन दाखवा, चहा माझ्याकडून.

आता रिम. इथे जरा थांबतो, कारण इथे मी स्वतः पोळलोय.

मेसेज म्हणतो: '१८ची काढून २० इंची बसवा, हँडलिंग दुप्पट.' केमनला कंपनीकडूनच २० इंची चाकं मिळतात, तेव्हा ती बसतात का हा प्रश्नच नाही. फरक हिशेबाने बघू. पुढे २३५/४५ आर १८. यातले २३५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि ४५ म्हणजे त्या रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत जवळजवळ १०६ मिलिमीटर रबर. २० इंचीला पुढचं माप २३५/३५, म्हणजे ८२ मिलिमीटर. मागे २६५ रुंदीवर हेच ११९ वरून ९३ वर येतं. चाकाचा एकूण घेर जवळपास तोच राहतो, कमी होते ती खड्डा आणि रिम यांच्यामधली गादी. आधीच्या मालकाने हौसेने २० इंची बसवली होती आणि मी ती सुरुवातीला तशीच ठेवली, दिसायची छान. पहिल्याच पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या एका खड्ड्यात पुढचं डावं चाक गेलं. आवाज असा आला की मागून चाललेल्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून बघितलं. दुसऱ्या दिवशी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत. त्याला पॅच नाही, प्लग नाही, 'बघू थोडे दिवस' नाही. टायर गेला, रिमलाही वाक आला. त्यानंतर १८ शोधून बसवल्या आणि गाडी रस्त्यावर चालायला लागली. तोवर ती रस्त्यावरून उड्या मारत होती.

कोरड्या ट्रॅकवर २० इंची खरोखर टोकदार वाटतात, हे नाकारत नाही. पण माझ्या वाटेवर ट्रॅक नाही.

'स्टेपनी नाही, म्हणून रन-फ्लॅटच घ्या' या मुद्द्याचंही इथेच उरकतो. केमनला स्टेपनी नसते. पंक्चर बुजवायचं औषध आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. रन-फ्लॅट हवा गेल्यावर साधारण ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर नेतो, ही त्याची खरी सोय. त्याबदल्यात बाजू दगडासारख्या कडक, आणि खड्ड्यात फुगा त्यालाही येतो. ज्या गाडीचं सस्पेन्शन त्यासाठी जुळवलेलं नाही, तिला तो लावू नये.

पुढचा मुद्दा मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो शहाणपणासारखा दिसतो: 'पावसाळ्यात हवा आठ-नऊ पॉइंट कमी ठेवा, टायर पसरेल, पकड वाढेल.'

वाळूत अडकलेल्या जीपसाठी हे ठीक आहे. साचलेल्या पाण्यावर उलटं होतं. नासाने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सोपं सूत्र काढलं. पाणी टायरच्या खाचांना आवरेनासं झालं की चाक कोणत्या वेगाला तरंगायला लागेल हे हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. ३३ पीएसआयला, म्हणजे पंपावरच्या ३३ पॉइंटला, हा वेग येतो ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास. हवा २४ वर आणा, तो ८२ वर उतरतो. सूत्र ढोबळ आहे आणि कारच्या टायरचा आकार, खाचा वगैरेंनी आकडा इकडेतिकडे होतो, पण दिशा बदलत नाही. म्हणजे सल्ला ऐकून तुम्ही स्वतःच्या हाताने बारा-तेरा किलोमीटरचं अंतर गमावलंत. एक्स्प्रेसवेवर कडेच्या लेनमध्ये जिथे पाणी साचतं, तिथे नेमका हाच वेग असतो.

टायर रुंद केला तरी हेच. रुंद पावलाला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. आणि खाचा झिजल्या असतील तर बाकी सगळं व्यर्थ. नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर खोली असते, कायद्याने १.६ पर्यंत चालते. मी तीनवर बदलतो, तेही मे महिन्यात. दिवाळीत नवे टायर घालून पावसाळा झिजलेल्यांवर काढणारे लोक मला कधी कळले नाहीत.

हाच मेसेज टोरोंटोच्या मावसभावाने मला उलटा पाठवला: 'आमच्याकडे चालेल का रे?' अजिबात नाही. आपल्याकडचा उन्हाळी टायर साधारण सात अंशांच्या खाली ताठ व्हायला लागतो, गोठणबिंदूखाली तर त्याला हलवूही नये. शेजारच्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. पुण्याची थंडी मात्र कपाटातून स्वेटर काढायला लावते एवढीच; इथे ऑल-सीझनवर, म्हणजे उन्हाळा-हिवाळा दोन्हींसाठीच्या टायरवर, पैसे घालवायचं कारण दिसत नाही.

'एन-झीरो, एन-वन हे शिक्के म्हणजे नुसतं मार्केटिंग.' या मुद्द्याला अर्धे गुण देतो. पोर्शे ज्या टायरला मान्यता देते त्यावर एन आणि एक आकडा असतो; बीएमडब्ल्यूचा तारा, मर्सिडीजचं एमओ तसंच. बाहेरून नाव तेच असलं तरी आतलं मिश्रण किंवा बांधणी त्या गाडीसाठी बदललेली असू शकते. एन-वन हा एन-झीरोपेक्षा 'वरचा' नसतो, ती पुढची आवृत्ती असते, आणि दोन आवृत्त्या एका गाडीवर मिसळू नयेत. इथपर्यंत ते मार्केटिंग नाही. पण शिक्का नसलेला, योग्य मापाचा, योग्य रेटिंगचा चांगला टायर चारही चाकांना लावला तर रोजच्या वापरात आकाश कोसळत नाही, हेही खरं. आपल्याकडे ही सवलत कधी कधी घ्यावीच लागते. जून २०२०मध्ये सरकारने नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली आणली, त्यात आयएसआय चिन्ह सक्तीचं. नेमकं मापही हवं, शिक्काही हवा म्हटलं तर दुकानदार कॅलेंडरकडे बघतो. माझी हद्द एवढीच: पुढे एक जात आणि मागे दुसरी, हे नाही.

'दोनच बदलायचे तर नवे पुढे' हे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांनाही लागू नाही; पाण्यात मागचं टोक सुटणं जास्त वाईट, म्हणून नवे मागे. माझ्या गाडीत प्रश्नच नाही, पुढे २३५, मागे २६५, अदलाबदल होतच नाही. मागचे आधी संपतात, तेही आतल्या कडेने. उभं राहून बघितलं तर भरपूर ट्रेड दिसतो. मी मोबाइलचा टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये पालथा पडलो तेव्हा आतली कड टकली निघाली. वॉचमनला वाटलं चक्कर आली. तेव्हा नवे घालण्याआधी अलाइनमेंट, आणि बाजूवरचे चार आकडेही वाचून घ्या: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. दुकानात 'नवा' म्हणून चार वर्षांचा माल दाखवला तर मी परत ठेवतो.

राहिला 'हवेऐवजी नायट्रोजन भरा' हा मुद्दा. हवेत ७८ टक्के तोच असतो, आणि पारा पाच-सहा अंश चढला की एखादा पीएसआय दोघांचाही वाढतो. फुकट मिळाला तर भरा. 'टायरवर छापलाय तेवढा दाब भरा' हे मात्र ऐकू नका, तो कमाल आकडा असतो. गाडीचा दाब दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि तो सकाळी, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने बघायचा. मागच्या महिन्यात पंपावरच्या मशीनने चारही चाकांना ३३ दाखवलं. घरी येऊन रात्रभर गार झाल्यावर माझा गेज लावला: २८, २८, २७, २९.