बाभळी सोडून ब्राझील

नांदेडकडच्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आठवडाभर एकच भांडण चालू आहे. कॉलेजकडे थोडे पैसे आलेत. ते मॉडेल युनायटेड नेशन्सला, म्हणजे मुलं देशांचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांची सभा भरवतात त्या एमयूएनला द्यायचे की राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे रासेयोच्या शिबिराला? एक बाजू म्हणते, लेकरांना टाय बांधून युनो-युनो खेळवण्यापेक्षा बांधावर न्या. दुसरी म्हणते, घमेली उचलून कोणाला परदेशात अ‍ॅडमिशन मिळालीय? मी नेदरलँड्समधून मध्ये काही लिहिलं की दोघांचं लगेच एकमत होतं: हेगमध्ये बसून शिकवू नका.

पैसे कुठे जातील ते जावोत. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. मुत्सद्देगिरी म्हणजे इंग्रजीतली, सुटाबुटातली, परमुलखातली भानगड, हे दोन्ही बाजूंनी न बोलता मान्यच करून टाकलंय.

निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या ज्या मुलखाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या टेबलावर गेला होता, तिथली माणसं हे म्हणतात. 21 ऑगस्ट 1948 ला निजामाच्या सरकारने परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये, इकडे पोलीस अ‍ॅक्शन चालू असताना, ती कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायची का यावर मतदान झालं. तेव्हा परिषदेत 11 सदस्य होते, मंजुरीला 7 मतं लागत. 8 बाजूने पडली, विरोधात एकही नाही, 3 तटस्थ. दुसऱ्याच दिवशी हैदराबादच्या फौजेने हत्यार टाकलं आणि 22 तारखेला निजामाची तार गेली: तक्रार मागे. वादाचं मूळ सनदेच्या कलम 35(2) मध्ये होतं. सदस्य नसलेलं ‘राज्य’ परिषदेकडे येऊ शकतं, पण हैदराबाद तसं राज्य होतं का? निजाम आणि भारत यांच्यातला नोव्हेंबर 1947 चा जैसे थे करार वाचायला द्या, निम्म्या वर्गाला निजामाची आणि निम्म्या वर्गाला भारताची बाजू द्या, दोन तास वर्ग शांत बसणार नाही. दर 17 सप्टेंबरला झेंडावंदन करणाऱ्या लेकरांना हे प्रकरण कोणी दाखवत नाही. त्यांच्या वाट्याला ब्राझील येतो.

ब्राझीललाही माझी हरकत नाही. कधी न पाहिलेल्या देशाचं हित आपलं समजून मांडणं, हाच तर एमयूएनचा व्यायाम. पण तो कसा होतो ते जवळून पाहा. हजेरीला पोरगं ऐटीत ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ म्हणतं आणि शेवटी तटस्थ राहायला हात वर करतं. मग अध्यक्ष सांगतात, व्होटिंग म्हणालास की तटस्थ राहायचा हक्क गेला, हो किंवा नाही एवढंच. समिती आमसभेची असते आणि ठरावात ‘आदेश देते’ लिहिलेलं असतं. राज्यांच्या भांडणात आमसभा शिफारस करते. सदस्यांना बांधून घेणारा निर्णय घेते ती सुरक्षा परिषद, आणि तिथेही 15 पैकी 9 मतं हवीत व पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही नकार नको. कलमात ‘संयुक्त राष्ट्रे निधी देतील’ असं येतं, पण कोणत्या खात्यातून, ते नसतं. 193 देशांची खरी आमसभा बहुतेक ठराव मतदान न घेता, सहमतीने मंजूर करते. आपल्या एमयूएनमध्ये सहमती झाली तर सगळ्यांचा हिरमोड होतो.

कारण बक्षीस. बेस्ट डेलिगेट, हाय कमेंडेशन, स्पेशल मेन्शन, वर रोख रक्कम. बक्षीस एकट्याला मिळतं आणि ठराव दहा जणांनी मिळून करायचा असतो. म्हणून चांगलं कलम सुचलं की पोरं ते दडवून ठेवतात, दुसऱ्याच्या मसुद्यात जाऊ देत नाहीत. इथे हेगमध्ये 1968 पासून शाळकरी मुलांचं एमयूएन भरतं, त्यात असलं बक्षीसच नाही. सुरुवातीचा वेळ मसुदे एकमेकांत मिसळण्यात जातो. पाच जणांचे पाच कागद, त्यांचा एक होतो, आणि भाषा तपासणाऱ्या मंडळाने पास केल्याशिवाय तो चर्चेला येत नाही. हे गटावर लिहिल्यावर उत्तर आलं, ‘तिकडचं सगळं चांगलंच असतं’. नसतं. या मेळाव्याचा खर्च दणकट आहे आणि येणारी बरीचशी पोरं महागड्या इंटरनॅशनल शाळांतली. शिवाय नेदरलँड्सने शाळकरी मुलांना 30 तासांची समाजसेवा 2011 मध्ये सक्तीची केली आणि काही वर्षांतच सक्ती उठवली. आपली रासेयो 24 सप्टेंबर 1969 पासून चालू आहे, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर. हे मात्र गटावर कोणी मला विचारत नाही.

आता बाभळीकडे या. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर 14 दरवाज्यांचा बंधारा आहे, बाभळी त्याचं नाव, साठा 2.74 टीएमसी (अब्ज घनफूट). खाली तेलंगणात श्रीरामसागर, म्हणजे आपलं पोचमपाड. त्यांचं म्हणणं, तुमचा बंधारा आमच्या धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामागे तुंबणाऱ्या पाण्यात बांधलाय. 28 फेब्रुवारी 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने बंधारा ठेवला, पण अटी घातल्या: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे वर, 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचं, देखरेखीला तिघांची समिती. म्हणजे नदी भरून वाहते तेव्हा अडवायचं नाही आणि 29 ऑक्टोबरला दरवाजे पडतात तेव्हा वरून येणारा प्रवाह आटत आलेला. बंधारा आहे, पाणी नाही, ही ओरड इथून निघते.

यावर एमयूएनची दोन दिवसांची समिती 24 लेकरांत होते. 6 महाराष्ट्र, 6 तेलंगणा, 3 केंद्रीय जल आयोग, उरलेले 9 धर्माबाद, बिलोली आणि निजामाबादकडचे शेतकरी. वाचायला तीनच कागद: तेव्हाच्या आंध्र प्रदेशाशी झालेला 6 ऑक्टोबर 1975 चा करार, 1980 चा गोदावरी पाणीतंटा लवादाचा निवाडा, 2013 चा निकाल. करारात पैठण आणि सिद्धेश्वर धरणांच्या वरचं सगळं पाणी महाराष्ट्राचं आणि त्याखाली पोचमपाडपर्यंत नव्या कामांसाठी 60 टीएमसी. ‘60 टीएमसी वापरायचा हक्क’ आणि ‘ते अडवायची जागा’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आलं की चर्चेचा सूर बदलतो. भूमिका चिठ्ठ्या टाकून द्यायच्या, मागून घ्यायच्या नाहीत. धर्माबादच्या पोराला निजामाबादची बाजू आली तर आलीच.

आणि भाषा मराठीच. ठराव, सूचक, अनुमोदक, उपसूचना, इतिवृत्त, तहकूब, हे शब्द ग्रामसभेत रोजचे आहेत. 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली कमी असेल तेवढी माणसं हजर हवीत, ती गणपूर्ती, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. हा नियम वापरून नको ते ठराव कसे पास होतात हे ज्याने गावात पाहिलंय, त्याला कार्यपद्धतीचं महत्त्व निराळं शिकवावं लागत नाही. तेलुगू येणारी पोरं देगलूर, बिलोलीकडे सापडतात, त्यांना दुभाषे करा. जोडीने बसवा आणि दर 20-30 मिनिटांनी बदला, कारण त्यापुढे डोकं चालत नाही. खऱ्या संयुक्त राष्ट्रांतही असंच करतात.

यात घमेलंवाल्यांचं काम कुठे? समितीला आकडे लागतात, ते शिबिराने आणायचे. रासेयोचं युनिट 100 जणांचं, शिबिराला 50. आजवर त्या सात दिवसांत उद्घाटन, हारतुरे, जेसीबीने आधीच खोदून ठेवलेल्या खड्ड्यांत रोपं आणि फोटो. एप्रिलमध्ये पाणी घालायला कोणी नसतं, मे महिन्यात नुसत्या काड्या उभ्या. त्यापेक्षा 30 मीटरची टेप घ्या, टोकाला वजन बांधा, खालच्या मीटरभर भागाला खडू फासा. पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आत विहिरीवर जा. रात्रभर उपसा बंद असला तरच पातळी खरी. कठड्यावर रंगाची एक खूण करा, दर वेळी तिथूनच मोजायचं. खुणेवर 12 मीटर धरलं आणि वर ओढल्यावर खडू टोकापासून 35 सेंटिमीटर ओला निघाला, तर पाणी 11.65 वर. कठडा 80 सेंटिमीटर असेल तर वजा करा, जमिनीपासून 10.85. चूक इथेच होते. एक गट कठडा वजा करतो, दुसरा करत नाही, आणि शेजारशेजारच्या विहिरींत विनाकारण जवळपास मीटरचा फरक येतो. त्याच विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशा चारदा मोजायच्या, काही बंधाऱ्याजवळच्या, काही लांबच्या. वर्षभरात असा एक कागद हाती येतो जो ठरावात जोडता येतो आणि दुसऱ्या बाजूला तपासताही येतो.

‘तुम्ही गेलात, आता आम्हाला पाणी मोजायला सांगता’ हा टोमणा यावर हमखास येणार. बरोबर आहे. एक सांगतो, ते मला सुखाचं नाही. इथलं पाणी सांभाळणाऱ्या डेल्फलंड जलमंडळाचं बिल दरवर्षी दारात पडतं, मार्च 2023 मध्ये त्याच्या निवडणुकीत माझंही मत पडलं. पासपोर्ट भारताचाच असूनही. इथल्या कालव्यात किती सेंटिमीटर पाणी ठेवायचं यात माझा वाटा आहे. गोदाकाठच्या गावच्या मतदार यादीत कदाचित अजून नाव असेल, पण त्या ग्रामसभेच्या गणपूर्तीत मी मोजला जात नाही. कोणत्या पाण्याबद्दल बोलताना ‘आपलं’ म्हणायचं, हे वाक्य सुरू करेपर्यंत ठरत नाही. गटावर इतक्या तावातावाने लिहिण्याचं कारण बहुधा तेच.

काल गटावर भांडण सोडून एवढंच टाकलं: शिबिराला टेपा किती लागतील, पैसे पाठवतो. निळ्या खुणा आल्यात, आकडा आलेला नाही.