बोल्ट जागेवर फिरतोय आणि म्हणे 'चालतंय की'!

सीटखालचा एक बोल्ट. 14 च्या पान्ह्याचा. त्या एका बोल्टापायी माझे दोन रविवार गेले, पैसे गेले, आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

महिनाभर ड्रायव्हर सीट वाजत होती. ब्रेक दाबला की खट्ट, क्लच सोडला की खट्ट. शेवटी गाडी लिंबाखाली लावली आणि पान्हा घेऊन बसलो. मे महिना, परभणीचं ऊन, सकाळी नऊलाच पत्र्याला हात लागेना. तीन बोल्ट पक्के निघाले. चौथा, मागचा आतल्या बाजूचा, नुसता फिरायलाय. उजवीकडं फिरवा, डावीकडं फिरवा, वर येईना की खाली बसेना.

कारण काय, तर नट फ्लोअरच्या पत्र्याला खालून वेल्ड केलेला असतो, तोही बंद खोक्यात. तिथं ना हात जातो ना पान्हा. तो वेल्ड तुटला की नट बोल्टाबरोबरच फिरतो, मग दिवसभर फिरवत बसा. गंज उडवायचा स्प्रे मारा म्हणणारे शेजारी भेटलेच. अहो, आट्यात तेल गेलं तरी खालून नट धरायला कुणी नको का?

आणि तो वेल्ड आपोआप तुटला नाही. गेल्या पावसाळ्यात कार्पेटखाली पाणी साचलं म्हणून एका गॅरेजात सीट काढली होती. बसवताना पोरानं बोल्ट तिरका टेकवला आणि थेट बोल्ट आवळायची हवेची गन लावली. आटे एकमेकांवर चढले, बोल्ट अडकला, तरी गन चालूच. सगळा जोर वेल्डवर गेला आणि तो तुटला. बोल्ट हातात मोकळा फिरतोय हे त्याला कळलं नसेल? कळलंच असणार! वर कार्पेट टाकलं, पैसे घेतले, गाडी दिली. मी वर्षभर बायकापोरांना घेऊन त्या सीटवर बसून नांदेडला गेलो, संभाजीनगरला गेलो.

दुसऱ्या गॅरेजात गेलो तर त्यानं सीट हलवूनही पाहिली नाही. "साहेब, तीन टाईट हायेत की, काय होतंय?" मी अडून बसलो तर म्हणतो, "मग वरूनच वेल्डिंग मारून टाकू, विषय संपला." बोल्टाचं डोकं, सीट ज्यावर सरकते त्या रेलला वेल्ड करणार! खाली नट तुटलेलाच, तो कोपरा धरलेला कशालाच नाही, आणि पुन्हा काढायची म्हटली तर रेलच कापा. अरे, गाडी धडकली तर माझं सगळं वजन त्या चार बोल्टांवर येणार आहे. ती काय बैठकीतली खुर्ची आहे?

शेवटी आमच्या गल्लीतले फिटरमामा आले, साखर कारखान्यातून रिटायर झालेले. आधी बॅटरीची वायर काढायला लावली, कारण सीटखाली जो पिवळा प्लग असतो तो एअरबॅगच्या लाइनचा. बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मग बोल्टाच्या डोक्याखाली टॉमी, म्हणजे छोटी पहार, घालून मला वर उचलून धरायला सांगितलं. ताणानं नट पत्र्याला घट्ट दाबला गेला, दीड आटा सुटला, पुन्हा फिरायला लागला. तीन वेळा केलं. मग ओलं गोणपाट अंथरून ग्राइंडरनं डोकं उडवलं. सीट बाहेर. खालून खोक्याला छोटी खिडकी कापली, जाड पट्टीवर नवा नट वेल्ड करून ती पट्टी आत बसवली, खिडकी बंद केली, गंज लागू नये म्हणून प्रायमर मारला. यात अख्खा दिवस गेला. कार्पेटवर दोन ठिणग्या पडून भोकं पडली ती पडलीच.

जुना नट मामांनी हातावर ठेवला. आतले आटे तासल्यासारखे सपाट झालेले. नवा बोल्ट लावताना मामांनी पहिले चार-पाच आटे नुसत्या बोटांनी फिरवले आणि सरळ चढलाय याची खात्री झाल्यावरच पान्हा उचलला. त्याला दहा सेकंदही लागले नाहीत. दहा सेकंद! तेवढे त्या पोराकडं नव्हते आणि त्याच्या मालकाकडंही नव्हते.

नट मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. सोमवारी त्या गॅरेजात जाऊन मालकाच्या टेबलावर ठेवणार आहे, आणि खर्चाचा कागद त्याच्या शेजारी.