एमबीए एचआरच्या पोरांनो, कामाचं मानसशास्त्रही शिका

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही कारखान्यात चहाच्या वेळी जा, मालकांची एकच तक्रार असते: पोरं टिकत नाहीत. त्यावर निकालही लगेच लागतो, हल्लीच्या पोरांना कामच नको! मला हे अजिबात पटत नाही.

माणूस का टिकतो, का सोडून जातो, हे शोधणारी एक अख्खी विद्याशाखा आहे, औद्योगिक आणि संघटनात्मक मानसशास्त्र. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या एमबीए एचआरच्या मुलांना पीएफ, ईएसआय, कामगार कायदे पाठ असतात. ते लागतंच. पण "लेथवर ऑपरेटर कसा निवडशील?" म्हटलं की उत्तर येतं, "इंटरव्ह्यू घेऊन, सर." आणि इंटरव्ह्यूत काय विचारणार? गाव कुठलं, आधी कुठं होतास, पगार किती हवा.

मानसशास्त्रज्ञ ह्यूगो मुन्स्टरबर्ग ट्राम चालवायला माणूस कसा निवडावा याच्या चाचण्या करत होते, त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1913 चं आहे! तेव्हापासून संशोधन पुष्कळ पुढं गेलंय. सगळ्या उमेदवारांना त्या कामातूनच काढलेले तेच प्रश्न विचारायचे आणि आधी ठरवलेल्या निकषांवर गुण द्यायचे, ही पद्धत गप्पा मारून माणूस घेण्यापेक्षा भरवशाची ठरते, हे वारंवार दिसलंय. त्याला खर्च काय? सेक्शनच्या जुन्या मिस्त्रीबरोबर एक दुपार बसायचं, एवढंच.

अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात कामगारांवर झालेले प्रयोग सगळ्यांना पाठ. अहमदाबादचं मात्र कुणी सांगत नाही. तिथल्या कॅलिको मिलमध्ये ऑटोमॅटिक माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतकं वाढेना. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे संशोधक ए. के. राइस तिथं गेले. प्रत्येक कामगाराकडं कामाचा एकच तुकडा, तोही कितीतरी मागांवर. कुठला माग आपला, हे कुणालाच सांगता येईना. मग छोटे गट केले आणि प्रत्येक गटाकडं ठरावीक माग सोपवले. उत्पादन वाढलं, कापडाची खराबी घटली. कामगार तेच, मागही तेच!

सांगली-मिरजेच्या कॉलेजांतल्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रोजेक्टसाठी कँटीनमध्ये 'जॉब सॅटिस्फॅक्शन'चे फॉर्म भरून घेऊ नका. फौंड्रीतला एकच सेक्शन घ्या, रात्रपाळीला तिथं उभे राहा, काम सोडून गेलेल्यांना घरी जाऊन भेटा. परवानगीचं मी बघतो, मेसेज करा.