कॅटापल्ट, चाकं आणि राइट बंधू : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पहिल्या विमानांच्या चुरशीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "राइटांचं विमान कॅटापल्टने फेकलेलं. चाकांवर, स्वतःच्या बळावर उडालं ते सांतोस-द्युमाँचंच. तळपद्यांचं नाव नाही; सगळं कॉपी-पेस्ट." मतभेद जरूर असावेत, पण लेख अर्धवट वाचून शेरा मारायची ही रीत मला मुळीच पटत नाही.

ब्राझीलचे वैमानिक सांतोस-द्युमाँ यांना लेखात दोनच ओळी मिळाल्या, ही तक्रार रास्त आहे. १२ नोव्हेंबर १९०६ ला पॅरिसच्या बागातेल मैदानावर २१.५ सेकंदांत २२० मीटर, तेही जाहीरपणे, हे मोठंच काम होतं.

आता कॅटापल्ट, म्हणजे विमानाला झटक्याने पुढे फेकणारं यंत्र. १७ डिसेंबर १९०३ ला राइटांच्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी अमेरिकेतल्या किल डेव्हिल हिल्सवर ते नव्हतंच! होता ६० फुटांचा लाकडी रूळ, वर पत्र्याची पट्टी, आणि सायकलच्या हबांवर सरकणारी छोटी ढकलगाडी. चाकं लावली असती तर वाळूत रुतली असती. समोरून ताशी २० ते २७ मैलांचा वारा होता. जमिनीवरून वेग सेकंदाला जेमतेम १० फूट, पण हवेतून सुमारे ४५ फूट. पंखांना कळतो तो हवेतला वेग. म्हणून १२ अश्वशक्तीच्या इंजिनावर रूळ संपायच्या आत विमान उचललं गेलं. त्याच दिवशी विल्बर राइटचं चौथं उड्डाण ५९ सेकंद, ८५२ फूट.

कॅटापल्ट आलं सप्टेंबर १९०४ मध्ये, राइटांच्या डेटन गावाजवळच्या हफमन प्रेअरी या माळावर. तिथे वारा मंद आणि जमीन उंचसखल. वारा फिरला की अख्खा रूळ उचलून पुन्हा मांडावा लागे. म्हणून मनोरा उभारून त्यावरून वजन सोडत. पुढे ते १६०० पौंडांपर्यंत वाढवलं. दोर पुलींतून असा घेतला होता की वजन १६ फूट पडताना विमान सुमारे ५० फूट ओढलं जाई. तिथवरच. ५ ऑक्टोबर १९०५ ला विल्बर ३९ मिनिटं घिरट्या घालत २४ मैल उडाला. ते अंतर पडत्या वजनाने कापलं, असं तुमचं म्हणणं आहे का?

खरी झुंज वळण्याची होती. राइट वळण्यासाठी पंखांची टोकं पिळत. पंख पिळला की वर जाणाऱ्या पंखावर हवेचा विरोध वाढतो आणि नाक त्याच बाजूला, म्हणजे नको तिकडे, वळतं. बरीच वर्षं बाल्साच्या हलक्या लाकडाची ग्लायडर (बिनइंजिनाची विमानं) बनवतोय, हे मला कुठून उतरवून घ्यावं लागत नाही. राइटांच्या १९०२ च्या ग्लायडरला मागे दोन पक्की उभी शेपटं होती. ग्लायडर कलून खालच्या बाजूला घसरलं की ती त्याला आणखी गरगरवत आणि पंखाचं टोक वाळूत घुसे. उपाय म्हणून एकच हलतं सुकाणू लावलं आणि त्याच्या तारा, वैमानिक पोटावर झोपून कमरेने सरकवी त्या पंख पिळणाऱ्या पाळण्यालाच जोडल्या. २३ मार्च १९०३ चा पेटंट अर्ज याच नियंत्रणाचा आहे, इंजिनाचा नाही. द्युमाँचं १९०६ चं विमान, १४-बिस, पूर्ण वर्तुळ कधीच उडालं नाही. युरोपात एक किलोमीटरचा फेरा पहिल्यांदा पूर्ण केला तो आंरी फार्मानने, १३ जानेवारी १९०८ ला.

तळपदे? शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्ये मुंबईत विमान उडवल्याचं सांगतात; लेख १९०३ ते १९०८ च्या चुरशीचा होता. त्यांच्या यंत्राची मोजमापं आणि त्या काळची नोंद समोर ठेवा, मग बोलू.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण 'कॉपी-पेस्ट' हा आरोप केलाच आहे, तर उचललेला एक तरी परिच्छेद दाखवा, नाहीतर तो शब्द मागे घ्या.