मालकाचं उत्तर: मॅडम, त्या फायली आमच्या दुकानातून गेलेल्या नाहीत

नमस्कार मॅडम,

तुमच्या क्लायंटना तुमच्या नावाने, त्यांच्याच फायली जोडलेले खोटे मेल गेले, त्याचा तुम्हाला आणि त्यांना झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहे. व्हायरस काढून लॅपटॉप परत द्यायला तीन दिवस लागले, त्याबद्दलही. पण एका स्टारच्या रिव्ह्यूत तुम्ही लिहिलंय, "व्हायरस कधी कुणाच्या फायली मेल करतो का? दुकानातल्या पोरांनीच उघडून पाहिल्या आणि माझ्या नावाने पाठवल्या." उशीर झाला म्हणा, १,२०० रुपये जास्त वाटले म्हणा, ऐकून घेऊ. चोर म्हटलेलं ऐकून घेता येणार नाही. लोक आमच्याकडे बँकेचे पासवर्ड सेव्ह असलेली मशीन ठेवून जातात. असला मजकूर वाचल्यावर कोण ठेवेल?

व्हायरस फायली मेल करतो, आणि हे आजचं नाही. मार्च १९९९ मधला मेलिसा वर्डच्या फाइलमधून पसरायचा आणि आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर फाइल धाडायचा. तुमची स्वतःची फाइल बाधित झाली असेल तर तीही जायची. जुलै २००१ मधला सरकॅम तर थेट 'माय डॉक्युमेंट्स'मधलीच एखादी फाइल उचलायचा, स्वतःला तिला चिकटवायचा आणि अ‍ॅड्रेस बुकातल्या, शिवाय ब्राउझरच्या साठवणीत सापडलेल्या पत्त्यांवर पाठवून द्यायचा. मेल पाठवायची सोय त्याच्या पोटातच होती, त्यामुळे 'सेंट'मध्ये काही दिसायचं नाही. समोरच्याला खरी फाइल उघडलेली दिसायची, म्हणून संशयही येत नसे. २००२ चा क्लेझ 'फ्रॉम'मध्ये तिसऱ्याच माणसाचा पत्ता घालायचा, म्हणजे शिव्या भलत्यालाच. (सध्या त्या आम्ही खातोय.)

तुमच्याकडचा प्रकार नव्या पद्धतीचा आहे. एमोटेट नावाच्या व्हायरसमध्ये २०१८ च्या अखेरीस एक भाग आला, जो मागच्या १८० दिवसांचे मेल उचलून चोरांच्या सर्व्हरवर न्यायचा. मग त्याच जुन्या बोलण्याला 'रिप्लाय' म्हणून खोटा मेल यायचा. २०२० पासून त्याला चोरलेल्या खऱ्या अटॅचमेंटही जोडल्या जाऊ लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून ते जाळं मोडलं, नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं, आणि तोवर ही युक्ती इतरांनीही उचलली होती. तुमच्या मशीनवर एमोटेटच होता असं मी म्हणत नाही. पद्धत मात्र हीच.

आता क्लायंटच्या फोनवरचा जो स्क्रीनशॉट तुम्हीच आम्हाला दाखवलात तो पुन्हा बघा. नाव तुमचं आहे, नावाखालचा पत्ता कुठल्यातरी परक्या कंपनीचा. म्हणजे तो मेल तुमच्या खात्यातून निघालेला दिसत नाही. जोडलेली बॅलन्स शीट तीच, जी तुम्ही स्वतः त्या क्लायंटला आधी मेल केली होती. डी ड्राइव्हवर क्लायंटच्या नावाने एवढे फोल्डर आहेत, पण कधीच मेल न झालेली फाइल बाहेर गेल्याची तक्रार तुमच्याही रिव्ह्यूत नाही. पोरांनी पेनड्राइव्हवर कॉपी मारली असती, तर नेमक्या मेल झालेल्याच फायली त्यांनी कशा वेचल्या असत्या? आणि सोबत पासवर्डवाली झिप, पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. कुलूपबंद झिपच्या आत मेल सर्व्हरच्या स्कॅनरला बघता येत नाही, म्हणून ती तशी पाठवतात. आमच्या पोरांना याची काय गरज?

हे चारचौघांत लिहायचं नव्हतं, पण विषय तुम्हीच चारचौघांत काढलात. डिफेन्डरच्या (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसच्या) प्रोटेक्शन हिस्टरीत ऑफिसचा फुकट अ‍ॅक्टिव्हेटर 'हॅकटूल' म्हणून पकडलेला आणि नंतर 'अलाउ' केलेला दिसतो. तारीख लॅपटॉप आमच्याकडे येण्याच्या आधीची. त्याखेरीज एक्सक्लूजनमध्ये अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला होता, म्हणजे डिफेन्डरने तिकडे बघायचंच नाही. ते ऑफिस आम्ही टाकलेलं नाही.

तीन दिवसांचं म्हणाल, तर डिफेन्डरचा ऑफलाइन स्कॅन पंधरा-वीस मिनिटांत होतो, पण अशा मशीनला तो पुरत नाही. फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकू, असं आम्ही सांगितलं होतं. टॅली आणि बाकी सगळं जसंच्या तसं हवं, असं तुम्ही म्हणालात. मग आधी पूर्ण डिस्कची प्रत, वायफाय बंद ठेवून आणि मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करून स्कॅन, स्टार्टअप आणि टास्क शेड्युलर (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींच्या याद्या) हाताने तपासणं, आणि नेट जोडायचं ते सगळ्यात शेवटी, अपडेटपुरतं. १,२०० त्याचेच.

मशीन साफ झाली तरी आधी बाहेर गेलेले मेल परत येत नाहीत. कागदाची झेरॉक्स कुणी नेल्यावर कपाट बदलून काय होणार? खोटे मेल आणखी काही महिने येऊ शकतात, तेव्हा क्लायंटना आजच फोनवरून सांगा: माझ्या नावाने झिप आली तर उघडू नका, आधी विचारा. झिपमध्ये बहुतेक वेळा पीडीएफसारखी दिसणारी शॉर्टकट फाइल असते. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं शेपूट) दाखवायची सेटिंग चालू केली तरी शॉर्टकटचं 'एलएनके' दिसत नाही. सरकॅमही हीच चलाखी वापरायचा.

जीमेलचा पासवर्ड त्या लॅपटॉपवरून नको, फोनवरून बदला आणि टू-स्टेप लावा. मग कॉम्प्युटरवर इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे 'डिटेल्स' आहे, तिथून बाकी सगळी सेशन बंद करा. सेटिंगमधलं फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघाच. तिथे कुणी स्वतःचा पत्ता घालून ठेवला असेल तर पासवर्ड बदलूनही मेल त्याला जातच राहतात, आणि नेमकं हेच बहुतेक जण विसरतात. क्रोममध्ये सेव्ह असलेले जीएसटी, इन्कम टॅक्स आणि नेट बँकिंगचे पासवर्ड गेलेच असं धरून चाला. डीएससी टोकनमधली (डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणातली) की बाहेर निघत नाही, पण पिन टिपला जाऊ शकतो. पिन बदला आणि टोकन लावून ठेवू नका. पैसे गेले असतील तर थांबू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

शंका उरली असेल तर क्लायंटला तो मेल कॉम्प्युटरवर उघडून 'शो ओरिजिनल' काढायला सांगा, फोनच्या अ‍ॅपमध्ये ते मिळत नाही. कुठल्या सर्व्हरवरून, किती वाजता निघाला, सगळं त्यात असतं. घेऊन या, समोर बसून वाचू, पैसे नाही लागणार. मशीन जमा करतानाच काय काय सापडलं ते लिहून द्यायची पद्धत आम्हीही सुरू करतोय, बघू कसं जमतं. स्टार किती ठेवायचे ते तुम्ही ठरवा, पण पोरांबद्दलचं ते वाक्य तेवढं काढा. दुकान रविवारी बंद असतं.